आनंदाचं गावठी तवसं

डिलाईल रोडच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर आनंदा मेस्त्री राहतो. छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्याला एकच काम उरलंय, बायकोने बाजारातून आणलेल्या भाजीला नावं ठेवणं. "ही भेंडी? आमच्या गावात गुरं पण तोंड लावणार नाहीत." गावात तो वर्षातून पाच दिवस असतो, तेही गणपतीत, आणि त्या पाच दिवसांत त्याच्या हाताला आरतीच्या टाळांखेरीज काही लागत नाही. उंटावरून शेळ्या हाकायला माणसाने मुंबईतच राहावं.

परतताना मात्र विधवा वहिनी अंबिका त्याला पोतं भरून देई. अळू, दोडकी आणि तवशी, म्हणजे कोकणातल्या त्या हातभर लांब, पिवळट काकड्या. आनंदा ती चाळभर वाटायचा आणि प्रत्येक दारात सांगायचा, "चव बघा. माती बोलते, माती." शेजारची श्रेया त्या तवशाचं धोंडस, म्हणजे गूळ-रव्याचा गोड केक, करून खाली-वर पोचवायची. तीस वर्षं छापखान्यात घासून जो मान मिळाला नाही, तो आनंदाला या पोत्याने दिला होता.

यंदा मे महिन्यात वहिनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मुंबईत आली. आनंदाने तिला गॅलरीत खुर्ची मांडून दिली आणि हौसेने शेजारणी गोळा केल्या. श्रेयाने विचारलं, "काकी, तुमचं ते तवसं कुठल्या शेतातलं हो?"

"खयचा शेत? बाजारातला," वहिनी म्हणाली. "घाटावरसून टेंपो येता शुक्रवारी. घरामागच्या परड्यात चार वर्षां काय लावूक नाय. माकडां काय ठेवतत? कुंपण घालूक माणूस नाय. भावजींचो फोन येता, पोता तयार ठेव, चाळीत माझी इज्जत आसा. मगे आणतंय इकत घेवन."

शेजारणींनी एकमेकींकडे बघितलं. सुचित्रा, आनंदाची बायको, आत जाऊन भेंडी चिरू लागली, नेहमीपेक्षा जरा जोरात.

वहिनीला कुणाची फजिती करायची नव्हती. ती एक आशा घेऊन आली होती. तिने पदराची गाठ सोडली. आत मूठभर बिया होत्या. "आमच्या घरच्या तवशाचा ह्या शेवटचा बी. भावजीनू, यंदा पावसाआधी आठ दिवस येवा. दोघां मिळून कुंपण घालूया."

सगळी गॅलरी आनंदाकडे बघत होती. माती बोलते म्हणणाऱ्याचा हात कमरेवर गेला.

"बघू," तो शेवटी म्हणाला. "कंबर जरा धरलीय."

वहिनी एकटीच गेली. जाताना अर्ध्या बिया ठेवून गेली. आनंदाने त्या रंगाच्या रिकाम्या डब्यात पेरल्या, पाणी सुचित्राने घातलं. वेल श्रेयाच्या कपड्यांच्या दोरीवर चढला, पिवळी फुलं आली, फळ धरेना. तरी आनंदा येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून वेल दाखवायचा आणि व्याख्यान द्यायचा. निर्लज्जपणालाही कंबर लागते, ती त्याची शाबूत होती.

गणपतीच्या आधी त्याने वहिनीला फोन लावला. "वेल धरत नाही, वहिनी. शेवटी गावची माती ती गावची माती."

"माती हयच आसा, भावजीनू," वहिनी म्हणाली. "कुंपण अर्धाच झाला. माकडांनी सगळा खाल्ला."

आनंदाने फोन तोंडाजवळ धरला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मग यंदा पोतं?"

"दादराक मिळता सगळा. मी बघितलंय."

सुचित्रा दारात उभी होती. तिने भाजीची पिशवी त्याच्या हातात दिली.