उकडलेलं बियाणं

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा गोव्यात अजून पोर्तुगीज होते, आणि शेतीतलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. माहेर मिठबावचं, कुणब्याचंच. पण तिथे माड नि आंबे जास्त, भात घरापुरतं. सासर डोंगराकडचं. इथल्या कुणब्यांचा सगळा जीव भातात. नांगर पुरुषांचा, पण बियाणं घरातल्या थोरल्या बाईच्या ताब्यात. कापणीच्या वेळी ती स्वतः शेतात फिरून भरलेल्या लोंब्या निवडायची आणि ते भात पेंढ्याच्या मुडीत बांधून माळ्यावर टांगायची.

आमच्या सासूबाईंचा त्यात हातखंडा. वैशाखात वाडीतल्या बायका पडवीत येऊन बसायच्या. "गो काकी, खालच्या शेतात खंयचा बियाणा घालू?" सासूबाई आमसुलांसाठी रतांबे फोडता फोडता, मान वर न करता सांगायच्या, आणि बायका ते मुकाट ऐकायच्या. मामलेदाराचाही एवढा रुबाब नसेल! आल्या आल्या पहिल्याच वैशाखात मी हे पाहिलं आणि मला त्यांचा फार अभिमान वाटला.

त्याच वैशाखात एके दिवशी त्या म्हणाल्या, "पावसाळ्याचे उकडे तांदूळ करूक होये. माळ्यावरचा भात काढ नि उकडूक घाल." आणि सगळ्यांबरोबर शेतात भाजायचा टाळ, म्हणजे पानांच्या फांद्या, तोडायला रानात गेल्या.

माळ्यावर कोपऱ्यात भाताची कणगी होती आणि वर दोन मुड्या टांगलेल्या. माझ्या माहेरी खायचं भात मुडीत असायचं, बियाणं मडक्यात. विचारायला घरात कुणी नव्हतं. असतं तरी मी विचारलं नसतं, एवढी मी शहाणी. दोन्ही मुड्या सोडल्या, हंड्यात ओतल्या आणि चूल पेटवली. दुपारपर्यंत अंगणात चटईवर भात पसरून, शाबासकीची वाट बघत उंबऱ्यावर बसले.

सासूबाई एकट्याच पुढे आल्या. डोक्यावरचा भारा खाली टाकला, अंगणाकडे पाहिलं, मग घरात जाऊन माळ्याकडे. बाहेर येऊन त्यांनी एक दाणा नखाने फोडला. उकडलेला दाणा रुजत नाही, हे मला तेव्हा कळलं. घरचं लाल भात, त्यांच्या सासूपासून चालत आलेलं, मी एका सकाळीत संपवलं होतं. माझी पाचावर धारण बसली. आता माहेरी धाडणार, दुसरं काय?

पण त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तू गप रव. तू काल इलंस. तुज्या नावार बट्टो लागलो तर जल्मात पुसाचो नाय."

तेवढ्यात हे आले, मागून वाडीतली चार माणसं. भात बघून हे ओरडलेच, "आये, बियाणा उकडूक दिलंस? तुजी अक्कल खंय गेली?"

"माकाच समाजला नाय रे," त्या म्हणाल्या. "मियाच तिका मुड्यो काढून दिलंय."

सगळ्यांदेखत हे त्यांना वाटेल ते बोलले. त्या खाली मान घालून ऐकत राहिल्या. मी दाराआड उभी होते.

बियाणं पलीकडच्या वाडीतून कणगीतल्या खायच्या भाताच्या बदल्यात आणलं. पीक बरं आलं, पण त्या तांदळाच्या पेजेला आमच्या लाल भाताची चव नव्हती. पुढच्या वैशाखात बायका समोरच्या घरात विचारायला गेल्या. सासूबाई पडवीत रतांबे फोडत एकट्या बसल्या होत्या. वाटेवर पावलं वाजली की हात थांबायचा, मग पुन्हा चालायचा. मला ते बघवेना. म्हटलं, "मी सगळ्यांका सांगतंय."

"आता सांगान काय व्हतला?" त्या म्हणाल्या. "माका कोण परत इचारूक येवचा नाय. तुका मात्र हसतले."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंच वाटलं.

त्या जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. परवा यांनी नातवंडांना आपल्या आईने बियाणं कसं उकडलं ते रंगवून सांगितलं. मुलं पोट धरून हसली. मीही हसले.