बनुकाकीनं घेतलेली उलटतपासणी

आमच्या बनुकाकीचा कुणावरच विश्वास नाही. गवळ्यादेखत ती दुधात बोट बुडवून बघते आणि डॉक्टरनं दिलेली गोळी दुसऱ्या डॉक्टरला दाखवते. याचं मूळ एकाहत्तरच्या लढाईत आहे. शत्रूच्या विमानांनी चौकीवर बॉम्ब टाकले, त्यात सयाजीकाका बेपत्ता झाला, अशी तार आली. देह काही आला नाही. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

"मालक मेलं असतं तर घावलं असतं. पळून गेल्यात. कुठंतरी दुसरी केली आसंल," हेच ती पन्नास वर्षं म्हणत आली. कुंकू मात्र पुसलं नाही. गावानं वेशीतल्या शहिदांच्या दगडावर काकाचं नाव कोरलं, तर हिनं ते शेणानं लिंपून टाकलं. धुतलं की पुन्हा लिंपायची. शेवटी गावानंच हात टेकले.

गेल्या दिवाळीनंतर साताऱ्यात माजी सैनिकांच्या मेळाव्यात मला जतचे दादासो भेटले. काकाच्याच पलटणीतले. मी मोठ्या हौसेनं त्यांना घरी आणलं. काकीनं पाणीसुद्धा विचारलं नाही.

"वळख काय?"

"उजव्या भुवईवर वण. झोपंत दात खायचा," दादासो म्हणाले.

ती माझ्याकडं वळली. "तू पढवून आणलंस व्हय रं?"

मला रागच आला. माझा जन्मच काका गेल्यानंतरचा, मला त्याचे दात कुठून ठाऊक असणार!

"बरं, मरताना लय शूर व्हतं का आमचं मालक?" तिनं खोचकपणे विचारलं. आजवर आलेला प्रत्येक जण हेच सांगून गेला होता.

दादासोंनी मान खाली घातली. "न्हाई वैनी. लय भ्याला व्हता. इमानं डोक्यावर आली तसा ‘मी घरला जातो’ म्हणत खंदकातनं उठला. म्या पाय धरला, तर हिसडा मारून पळाला. तितंच बॉम्ब पडला. हाती काय लागलं न्हाई."

मी चरफडलो. एवढ्या लांबून येऊन म्हाताऱ्यानं हे सांगावं? काकी मात्र त्यांच्या तोंडाकडं एकटक बघत राहिली. खोटं बोलणारा असलं काही सांगत नाही, हे तिच्याइतकं कुणाला कळणार?

"घरला म्हणलं?" तिनं विचारलं. "नक्की?"

"व्हय वैनी."

"म्हंजी माझ्याकडंच निघालं व्हतं," ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नवऱ्यासाठी रडली.