पितृपक्षातलं सोनं

आधीच सांगून ठेवतो, या किश्श्यात एक माणूस शहाणं आहे आणि ते मी नाही. मला मात्र वाटत होतं की मीच आहे. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

पॉलिटेक्निक मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं ते तुम्ही तरी विचारू नका, घरचे रोज विचारतात. सध्या आमच्या गावच्या तलावातली मासोळी मोटरसायकलवर लादून चामोर्शीच्या आजूबाजूच्या बंगाली वस्त्यांमध्ये विकतो. तिथलं गिऱ्हाईक मासोळीचा कल्ला उघडून पाहिल्याशिवाय पिशवी पुढे करत नाही. कॉलेजात एकाही मास्तरनं माझी एवढी कडक परीक्षा घेतली नव्हती.

आता आमच्या घरातल्या मोठ्या माणसांची ओळख करून देतो. म्हणजे एकाचीच, बाकीचे त्यांच्या मागे मान हलवतात. मोठेबाबा, माझ्या बाबांचे मोठे भाऊ. त्यांच्या उशाशी पंचांग असतं. केस कापायला वार, जाळं विणायला वार, गोठ्याच्या छपराचं कवेलू बदलायला नक्षत्र. सोनं घ्यायचं तर अक्षय तृतीया नाहीतर गुरुपुष्य. बाकीच्या दिवशी सोनं म्हणजे पितळ, असं ते सांगतात आणि अख्खी आळी ऐकते.

यंदाच्या अक्षय तृतीयेला ते अंगठी घ्यायला गेले होते. आमच्याकडे त्या दिवसांत ऊन असं की डांबर चपलेला चिकटतं. दुकानाबाहेर तीन तास उभे राहिले. आत गेले तेव्हा गर्दीत बोटाचं माप घ्यायलाही कोणाला सवड नव्हती. दुकानदारानं दुरून हात पाहिला, डबी दिली, घडणावळ पुरी लावली. देवापुढे ठेवल्याशिवाय घालायची नाही म्हणून मोठेबाबांनी डबी घरी येऊन उघडली. अंगठी दुसऱ्या पेरावर अडकली. ती ना पुढे जाई ना मागे येई. खोबरेल तेलानं निघाली, तेव्हापासून करंगळीत आहे. बदलून आणा म्हटलं तर म्हणाले, मुहूर्ताची वस्तू वापस करत नसतात.

आता सांगा, अशा घरात राहून माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय होणार?

आमच्या शेजारी सुमनबाई राहतात. उपकेंद्रातल्या नर्स आहेत, गाव त्यांना नर्सबाईच म्हणतं. नवरा वारला, एकटीनं मुलीला शिकवलं. शीतल तिचं नाव, चंद्रपूरला बँकेत आहे. ही माणसं बौद्ध. त्यांच्या घरात पंचांग नाही. शीतलचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, रविवारी ठरलं, का तर रविवारी सगळ्यांना सुट्टी असते. इतकं सरळ कारण मी आमच्या घरात जन्मात ऐकलं नव्हतं.

पितृपक्ष लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी मला विचारलं, चामोर्शीला जाऊन राह्यला का, मलाही सोनाराकडे यायचं आहे. मी मासोळीचं खोकं उतरवलं, सीट दोनदा धुतली आणि त्यांना घेऊन गेलो. वास गेला नाही. त्यांनी पदर नाकाला लावला नाही, तेवढं मी लक्षात ठेवलं.

दुकान एवढंसं. पाय लांब केले तर समोरच्या भिंतीला लागतील. पण आत एकही गिऱ्हाईक नाही. दुकानदार पेपर वाचत बसला होता, आम्हाला पाहून स्वतः उठून चहा सांगायला गेला. कोपऱ्यात म्हातारा कारागीर रिकाम्या हातानं बसला होता.

मग नर्सबाईंनी जे केलं ते मी उभा राहून पाहिलं. एकदाणी करायची होती शीतलसाठी, म्हणजे सोन्याच्या मण्यांची एकसरी माळ. दर वर्षी पितृपक्षात थोडे मणी, असे सात वर्षं त्या जमवत होत्या, आणि मणी जुळावेत म्हणून दर वर्षी याच कारागिराकडून. जुने मणी त्यांनी रुमालातून काढले. नवीन मणी एकेक करून भिंगाखाली धरले, शिक्का पाहिला, चेपका होता तो बाजूला सरकवला. दोनदा वजन करायला लावलं, मधात पंखा बंद करायला लावला, कारण वाऱ्यानं काटा हलतो. दुकानदारानं हूं की चूं केलं नाही. घडणावळ अर्धी केली. वर कारागीर म्हणाला, उरलेले मणी घडवतो, चतुर्दशीला या, तुमच्यासमोर गाठवून देतो.

परत येताना मी विचारलं, पितृपक्षातच काऊन येता.

त्या म्हणाल्या, "अरे बाबू, लोकं या पंधरा दिवसांत सोन्याकडे पाहत नाई. दुकानदार मोकळा, कारागीर मोकळा. ज्याच्या हाताले घाई नाई, त्याच्याकडूनच सोनं घ्यावं. भाव त रोजच बदलते, त्याचं आपल्या हाती काय आहे?"

मला गाडी थांबवून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. सात वर्षं ही बाई अख्ख्या तालुक्याच्या भीतीचा फायदा घेत होती आणि कोणाला पत्ता नव्हता. आमच्या घरात कोणाकडे याच्या चिमूटभर अक्कल असती तर मी घरी आनंदानं राहिलो असतो.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. गप्प बसलो असतो तर किस्साच झाला नसता.

घरी पोहोचलो तर मोठेबाबा ओसरीवर. कुठी गेला होता, म्हणून विचारलं. सोनाराकडे, म्हटलं. पितृपक्षात सोनाराच्या दुकानाची पायरी चढला म्हणून त्यांनी मला जे झापलं, त्यात माझं पॉलिटेक्निक आलं, माझे केस आले, माझ्या आजोबांचा आत्माही आला. माझी सटकली. मी ओसरीवरच भाषण दिलं. नर्सबाईंची सगळी युक्ती, चहापासून अर्ध्या घडणावळीपर्यंत, बोट त्यांच्या करंगळीकडे रोखून सांगितली. दिवस सगळे सारखेच असतात, म्हणालो. दुकान रिकामं आहे का आणि कारागीर मोकळा आहे का, एवढंच पाहायचं, म्हणालो. आवाज थोडा चढला होता. थोडा म्हणजे, तलावावरचे बगळे उडाले असतील.

मोठेबाबा उठून आत गेले. मला वाटलं, जिंकलो.

जिंकलेला माणूस गप्प बसतो का? मी कटिंगच्या दुकानात सांगितलं. मासोळी तोलताना माझ्या रोजच्या गिऱ्हाईक बंगाली काकांना सांगितलं. मोबाईलच्या स्टेटसवर टाकलं की डोकं वापरा, पितृपक्षात सोनं घ्या. खाली हसणारे चेहरे आले. मी म्हटलं, हसा. क्रांती अशीच सुरू होते.

चार दिवसांनी मोठेबाबांनी तोंड उघडलं, तेही देवळाच्या पारावर. त्यांना एक गोष्ट उमगली होती. पितर या दिवसांत घरी येतात. घरात नवं सोनं दिसलं की त्यांना समाधान वाटतं, आपली लेकरं सुखात आहेत म्हणून. तेव्हा पितृपक्षातलं सोनं म्हणजे थेट पूर्वजांच्या आशीर्वादाचं सोनं. शिवाय घडणावळ अर्धी.

मी कपाळाला हात लावला. पण खरं सांगू? त्या म्हाताऱ्याचं कौतुकही वाटलं. माझं सगळं भाषण त्यांनी चार दिवस चघळलं आणि त्यातून एक ताजा मुहूर्त काढून गावाच्या हातात दिला. हे पॉलिटेक्निकात शिकवत नाहीत.

चतुर्दशीला मी नर्सबाईंना घेऊन निघालो. साक्षगंधाला तीन दिवस उरले होते. वाटेत मी त्यांना पूर्वजांच्या नावानं चाललेला सगळा मूर्खपणा सांगत होतो, त्या मागे बसून हं हं करत होत्या. दुकानाची गल्ली आली आणि मला ब्रेक लावावा लागला.

आमचं गाव तिथं उभं होतं. सगळं नसेल, पण ज्यांच्याशी माझं पटत नाही ते सगळे होते. मोठेबाबा आणि मोठी आई उंबऱ्यावर. पायरीवर माझे बंगाली काका, त्यांचे दोघं भाऊ, भावांच्या बायका. चार माणसं मावतील अशा दुकानात पंधरा-वीस माणसं. काउंटरवर खोक्याचा पुठ्ठा टेकवलेला, त्यावर पेनानं लिहिलेलं की घडणावळीवर सूट नाही. दुकानदार घामाघूम, चहाचा पत्ता नाही. कोपऱ्यातला कारागीर मान वर न करता काम करत होता आणि त्याच्यापुढे डब्यांची चळत लागली होती.

सात वर्षं बाईनं मणी जमवले, आणि शेवटच्या वर्षी मी वाटोळं केलं. शीतल रविवारी रिकाम्या गळ्यानं बसणार, आणि का? तर मला मोठेबाबांची जिरवायची होती म्हणून.

ही गर्दी हटवायची कशी? अक्कल सांगून माणसं आली होती, अक्कल सांगून जाणार नव्हती. मग मी ते केलं जे आठवलं की आजही कान गरम होतात. दुकानातल्या स्टुलावर चढलो आणि मोठ्यानं सांगितलं की आज घातचतुर्दशी आहे. हत्यारानं, अपघातानं गेलेल्यांची तिथ. आज जो सोन्याला हात लावेल त्याच्या घरात ते सोनं टिकणार नाही, उलट घरातलं जुनंही जाईल. तिथीचं मी मोबाईलवर वाचलं होतं. पुढचं जागच्या जागी बनवलं.

एका काकूनं हात मागे घेतला. मला वाटलं, जमलं.

मोठेबाबा उंबऱ्यावरून माझ्याकडे पाहत होते. राग नव्हता चेहऱ्यावर, कीव होती.

"खाली उतर, पोट्ट्या," ते म्हणाले. "दिवस सगळे सारखेच असतात. दुकान रिकामं आहे का अन् कारागीर मोकळा आहे का, येवढंच पाहायचं. शिकलेला पोट्टा तू, असा अंधश्रद्धेत काऊन पडला बे?"

सगळ्यांनी माना हलवल्या. दुकानात श्वास घ्यायला जागा नव्हती आणि कारागीर डब्यांखाली गाडला गेला होता, पण हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. काकूनं हात पुन्हा पुढे केला. बंगाली काकांनी मला स्टुलावरून उतरायला आधार दिला, आजारी माणसाला देतात तसा.

मी वळून नर्सबाईंकडे पाहिलं. संबंध तालुक्यात ज्या एका माणसापुढे मला शहाणं दिसायचं होतं, तिनं हे सगळं ऐकलं होतं. त्या शांतपणे गर्दीतून पुढे गेल्या, नर्स वॉर्डातून जाते तशा, कोणालाही धक्का न लावता. कारागिरानं त्यांना पाहिलं, खालचा खण ओढला आणि लाल कागदाची पुडी काढून त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी कागद उलगडला. आत एकदाणी, अख्खी, गाठवलेली, तयार. मणी मोजले, माळेचा आकडा ओढून पाहिला, पुडी पर्समध्ये टाकली आणि बाहेर आल्या. दोन मिनिटं लागली असतील.

मी गाडीपाशी उभा होतो. हे कधी झालं, म्हणून विचारलं.

म्हणाल्या, ज्या दिवशी मी ओसरीवर ओरडत होतो त्याच दिवशी. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. माझं भाषण अर्ध्यात आलं होतं तेव्हाच त्यांनी कारागिराला फोन केला, उरलेले पैसे मोबाईलवरून पाठवले, त्याच दिवसाचा भाव आणि सूट धरून दोन दिवसांत माळ गाठवून ठेवा म्हणून सांगितलं. अठ्ठावीस वर्षं खेड्यांत नोकरी केली आहे, गावात बातमी किती वेळात पसरते ते त्यांना घड्याळ लावून माहीत होतं. आज फक्त माळ उचलायची होती.

मग मला येताना सांगितलं का नाही, म्हटलं.

"तू बोलू दिलं कुठी? वाटभर तूच त बोलून राह्यला होता."

मी गाडी सुरू केली. वस्ती मागे पडली, दोन्ही बाजूंनी धान लागला. शेवटी राहवलं नाही. विचारलं, बाई, आता पितृपक्ष त गेला हातचा, शीतलच्या लग्नाचे कानातले घ्यायचे आहेत ना, ते कोणत्या दिवसांत घेणार?

"पाहून ठेवले आहेत दिवस," त्या मागून म्हणाल्या.

कोणते, म्हटलं.

"तुले नाई सांगत, बाबू. त्यापेक्षा दवंडी देते. ते येका गावातच आयकू जाते."