माकड, माती आणि पाटील

आता कुठून सुरुवात करू? माझ्या एका प्रवचनापायी अख्ख्या वस्तीच्या पोटावर पाय यायची वेळ आली होती.

निजामाचं राज्य होतं. चौसाळ्याजवळच्या एका ख्रिस्ती वस्तीत मी मास्तर होतो. एरवी पोरं शिकवायची, रविवारी उपासना घ्यायची. शिकत असताना मी वाचलं होतं, की सगळे जीव लाखो वर्षांत एकातून एक घडत आले. वाचून झोप उडाली. मग देवानं सहा दिवसांत जग केलं, ते खोटं? पुष्कळ प्रार्थना केली, तेव्हा कुठं मन थाऱ्यावर आलं. घडवणारा देवच. त्याचा दिवस आपल्या दिवसाएवढा कशाला असेल?

मला लई समाधान वाटलं. पण ते मनात ठेवून गप्प बसेन तर मी कसला मास्तर?

एका रविवारी सांगून टाकलं, "देवानं माणूस मातीतूनच केला. पण एकदम न्हाई, सावकाश. मधी माकडासारखा जीव झाला, मग माणूस."

म्हाताऱ्या सगुणाबाई उठल्या.

"मास्तर, गाव जनावरावानी वागवतं म्हणून आमी येशूकडं आलो. त्यानं आमाला देवाची लेकरं म्हटलं. आता तुमीच माकडाची म्हन्ता?"

मी घाईनं म्हणालो, "बाई, एकट्या तुमचं न्हाई. सगळ्या माणसांचं मूळ एकच."

"पाटलाचं बी?"

"पाटलाचं बी."

"मग ऱ्हाऊ द्या," म्हणून त्या शांतपणे खाली बसल्या.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, मास्तर पाटलाला माकड म्हनला. आमची सगळी माणसं पाटलाच्याच रानात राबायची. मला चावडीवर बोलावणं आलं.

"का वो मास्तर, आमी माकड काय?" पाटलांनी विचारलं.

हात जोडून मी म्हणालो, "पाटील, देवानं सगळ्यांनाच त्या वाटेनं सावकाश घडवलं. मलाबी."

पाटलांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तुमचं पटतं. तुमचं काम तर अजून चालूच दिसतंय."

चावडी हसली, आणि वस्तीची रोजी वाचली.

परत आलो तर सगुणाबाई वाटेतच उभ्या. पाटील काय म्हणाले ते मी जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, माझी बाजू घेतील.

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. म्हणाल्या, "पाटील मानूस हुशार हाय."