एका बाजूला देव, एका बाजूला साहेब

‘‘ओ सायेब! जरा म्होरं सरका! पेटीला ऐकू येईना!’’

शाळेच्या पटांगणात अख्खं गाव बसलेलं. जमिनी घ्यायला आलेले कंपनीचे साहेब बोलता बोलता थांबले. बायकांच्या घोळक्यातून एक नऊवारी उठली, पुरुषांच्या रांगा तुडवत थेट टेबलापाशी गेली, साहेबांचा हार बाजूला सारला आणि त्यांच्या हनुवटीखाली एक काळी पेटी ठेवून तिनं दोन बटणं एकदम दाबली.

‘‘हां, आता बोला. मगाशी नोकरीचं काय म्हनला?’’

साहेब सुखावले. जन्मात कुणी त्यांचा आवाज जपून ठेवावा असं म्हटलं नसेल. रेडिओवर बातम्या देणाऱ्याच्या सुरात ते म्हणाले, ‘‘ज्या घराची जमीन जाईल, त्या घरातल्या एकाला कंपनीत कायमची नोकरी. हा माझा शब्द आहे.’’

‘‘कवा?’’

‘‘कारखाना सुरू होईल त्या दिवशी.’’

‘‘तुमचं नाव सांगा.’’

साहेबांनी बापाच्या नावासकट नाव सांगितलं, वर म्हणाले, ‘‘चला मंडळी, आता चहा घेऊ या.’’ मग पेटीचा खटका खट्कन वर आला. उंदराचा पिंजरा बंद होताना असाच आवाज होतो.

या आमच्या पेटीवाल्या आक्का. पेटी म्हणजे हार्मोनियम नव्हे, टेपरेकॉर्डर. आमचं गाव भोसरीच्या अलीकडचं. तिथं तोवर रेडिओसुद्धा तीनच घरांत, त्यातला एक मुका. आक्कांचा भाऊ मस्कतला फिटर. बहिणीनं भजनं ऐकावीत म्हणून त्यानं ही पेटी आणली. बहिणीनं ती राजकारणात घातली.

मी गावचा भोंगेवाला. लग्न, जत्रा, निवडणूक, काही असो, माइक आणि कर्णे माझे. माझा भोंगा भोसरीत लागला तर चाकणची म्हैस दूध चोरायची, असा लौकिक होता. (लौकिक मीच पसरवला होता, पण म्हैस खरी.) तरीही आक्का स्टेजवर उभ्या राहिल्या की मी आवाज निम्म्यावर आणायचो. नाहीतर कर्णा फाटायचा, त्यांचा घसा नव्हे.

त्या पेटी कडेवर घेऊन हिंडायच्या, तान्हं मूल घ्यावं तशी, खणाच्या पिशवीत घालून. पिशवीला समोरून भोकं पाडलेली, पेटीला श्वास घेता यावा म्हणून. सेल उतरले की पत्र्यावर पापडांशेजारी उन्हात वाळत घालायच्या. अशानं सेल दोन दिवस जास्त चालतात. एकदा त्यांच्या सुनेनं पापडांबरोबर सेलही तळायला नेले होते, असं मी गावभर सांगितलं. सून माझ्याशी वर्षभर बोलली नाही.

कॅसेट एकच. तिच्या एका बाजूला भजनं आणि दुसऱ्या बाजूला ज्याची पाळी असेल तो. ‘‘एका बाजूला देव, एका बाजूला सायेब,’’ आक्का म्हणायच्या. ‘‘देव पुसायचा न्हाई. सायबाचं काम झालं की पुसायचं.’’ रेशनवाल्याचं ‘‘साखर आलीच न्हाई’’ त्यांनी असंच पकडलं आणि दुसऱ्या दिवशी तपासनीसासमोर साखरेच्या पोत्यांवरच पेटी ठेवून वाजवलं. तेव्हापासून तालुक्यातला कुठलाही अधिकारी आमच्या गावात आला की फक्त मान हलवायचा. मानेचा आवाज टेपवर येत नाही.

प्रश्न तीनच विचारायच्या. काय, कवा, आणि तुमचं नाव काय. ‘बघू’ म्हणणाऱ्याला त्या म्हणायच्या, ‘‘बगा की. पन पेटीला सांगून बगा.’’

साहेबांचा शब्द पेटीत आल्यावर मीच आक्कांना पिंपरीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे नेलं होतं. त्यानं कॅसेटच्या पाठीवरची प्लॅस्टिकची बारीक टिकली दाखवली. ‘‘ही मोडून टाका, मावशी. मग यावर दुसरं काही भरलं जात नाही. कुणी चुकून बटण दाबलं तरी पुसत नाही.’’

आक्कांनी कॅसेट त्याच्या हातातून ओढून घेतली. ‘‘धड वस्तू कशापायी मोडायची? उद्या दुसरा सायेब धरायचा आसंल तर?’’

आमच्याकडं फुटक्या कपाला कान लावून वापरतात. चांगली टिकली मोडा म्हणून सांगणारा आम्हांला वेडाच वाटणार. मीही मान डोलावली.

मग आक्का घरोघर फिरल्या. बायका बिचकत होत्या. पाच पिढ्यांची जमीन, कागद इंग्रजीत. आक्का उंबऱ्यावर पेटी ठेवायच्या, साहेबांचा शब्द ऐकवायच्या आणि म्हणायच्या, ‘‘सायेब पळून जाईल, शब्द न्हाई पळायचा. त्यो माझ्या कडेवर हाय.’’ बायकांनी घरातल्या पुरुषांना पुढं घातलं. अंगठे उठले. पहिला अंगठा आक्कांच्या नवऱ्याचा होता, त्यांच्या विहिरीसकट.

कारखाना उभा राहिला. भोंगा वाजला, माझ्यापेक्षा मोठा. शिफ्ट सुरू झाली, ओव्हरटाइमसुद्धा सुरू झाला आणि आमची माणसं फाटकाबाहेर. ते साहेब बदलून गेलेले. सरपंच सांगत सुटले, ‘‘कायमची नोकरी कोण म्हणालं? साहेब ‘प्रयत्न करू’ म्हणाले होते.’’ तेव्हा ग्रामपंचायतीत बाई असायची ती सहीपुरती. सही झाली की चहा करायला उठायची. आक्का सरपंचांच्या विरोधात निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि पटांगणात सभा लावली. नव्या साहेबांना बोलावलं. ते आले. माणूस सरळ होता. माइकवर म्हणाला, ‘‘माझ्याकडे फाइलमध्ये काही नाही. पण आधीच्या साहेबांनी शब्द दिल्याचं ऐकवलंत, तर मी इथंच लिहून देतो.’’ त्यानं खिशातून पेनही काढलं.

गाव इतकं शांत झालं की फाटकावरच्या वॉचमनची जांभई ऐकू आली.

आक्कांनी पेटी माझ्या माइकसमोर ठेवली आणि बटण दाबलं.

कर्ण्यातून आलं, ‘‘फू… फू…’’ मग टक टक टक. मग कुणीतरी खोकलं. मग पोकळ खरखर, केवढी लांबलचक. आणि मग साहेबांचा तोच रेडिओचा सूर, ‘‘चला मंडळी, आता चहा घेऊ या.’’

आधी सरपंच हसले. मग त्यांची माणसं हसली. मग, मला अजून समजत नाही का, आमचीही हसली. फक्त बायका हसल्या नाहीत.

ती फुंकर माझी होती. सकाळी आक्का बायकांना बोलवायला गेल्या आणि पेटी माझ्याजवळ ठेवून गेल्या. जन्मात पहिल्यांदा ती माझ्या एकट्याच्या हातात आली. भोंगेवाल्याच्या हातात जाळी असलेलं काहीही द्या, तो त्यात फुंकणारच. देवळातल्या दानपेटीतही मी एकदा फुंकलो आहे. दोन बटणं दाबली, दोनदा फुंकलो, नखानं टकटक केलं, खोकलो. लाल दिवा लागला तो बघत बसलो. छान लागला होता. मग टेप मागं गुंडाळून ठेवली, जशी होती तशी. जशी होती तशी!

आणि त्या क्षणी मी काय केलं? इतकी वर्षं मी थापा मारत आलो, पण त्या सगळ्या थापांत खोटी म्हणावी अशी ही एकच. मी माइक ओढला आणि ओरडलो, ‘‘पुसलंय! सरपंचाच्या मानसांनी पुसलंय!’’

पोरं उठली. खुर्च्या उचलल्या गेल्या. एक दगड नव्या साहेबांच्या कानाजवळून गेला. त्यांनी पेन खिशात ठेवलं.

तेवढ्यात आक्कांनी माझ्या हातातून माइक घेतला. आवाज मी निम्म्यावर आणला नव्हता, तरी कर्णा फाटला नाही. इतक्या हळू त्या कधीच बोलल्या नव्हत्या.

‘‘कुनी कुनाला हात लावायचा न्हाई. पेटी माझी. चूक माझी.’’

पेटी पिशवीत घातली, पिशवी कडेवर घेतली आणि बायकांमधून वाट काढत त्या निघाल्या. शेजारची म्हातारी एवढंच म्हणाली, ‘‘आक्का, तुज्या पेटीवर अंगठा दिला गं आमी.’’

निवडणूक त्या हरल्या. ‘‘बाईनं स्वतःच कबूल केलं,’’ हे सरपंचांचं एकच भाषण पुरलं, तेही माझ्याच भोंग्यावरून. त्यानंतर सहा वर्षं आक्का कंपनीच्या फाटकावर अर्जांची पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. खणाचीच, भोकांची. काही घरांना ठेकेदाराकडं झाडू मिळाला, काहींना बागेतली खुरपी, स्वतःच्याच शेताच्या जागी गवत कापायला. कायमची नोकरी बोटांवर मोजावी इतक्यांना. आक्कांच्या घरी कुणालाच नाही. मुलगा म्हणाला, ‘‘आईचं नाव सांगितलं की अर्ज खाली जातो.’’

मी मात्र आक्कांना पाहिलं की गल्ली बदलायचो. गावात गल्ल्या दोनच होत्या, त्यामुळं फार चालावं लागलं.

अखेर गेलो. तोवर गाव गाव राहिलं नव्हतं, महानगरपालिका होणार म्हणत होते. आक्का पिंपरीला चाळीतल्या एका खोलीत, पाय सुजलेले, खाटेवर. दुपारची वेळ. सैल झालेली कॅसेट पेन्सिलीवर अडकवून फिरवत होत्या. भजनाची बाजू वर होती.

मी काही म्हणजे काही तिखटमीठ न लावता बोललो. बहुधा आयुष्यात एकदाच.

‘‘आक्का, त्या दिवशी पेटीत फुकलो त्यो मीच.’’

‘‘ठावं हाय,’’ त्या म्हणाल्या. पेन्सिल फिरतच होती. ‘‘दोनदा फुकून खोकनारा पंचक्रोशीत दुसरा कोन हाय?’’

‘‘मग चार शिव्या तरी घालायच्या हुत्या, आक्का. चारचौघांत नाव घ्यायचं हुतं माझं.’’

त्यांनी टेप ताणून बघितली, कॅसेट उलटी केली आणि तिच्या पाठीवरच्या त्या बारीक टिकलीवर अंगठा ठेवला. टिकली अजून शाबूत होती.

‘‘मोडाया पायजे व्हती,’’ त्या म्हणाल्या.