शिट्टी होईपर्यंत

आज कुकरची नवी रिंग पाकिटातून काढली आणि रबराच्या त्या वासाबरोबर मी थेट रविवार कारंजावरच्या कुकर दुरुस्तीच्या दुकानात पोचले. नव्वदीतली गोष्ट. दुकानातल्या काकांचा नियम एकच. दुरुस्त केलेल्या कुकरमध्ये पाणी घालून तो स्टोव्हवर चढवायचा आणि शिट्टी झाली की मगच गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा.

माझ्या आधी सुरगाण्याच्या एक मावशी होत्या. बाहेर त्यांची जीप भरली होती, ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता.

"राहू द्या भाऊ, जीप जाईल ना माझी!"

"आणि घरी जाऊन वाफ गळली तर? परत एवढ्या लांब येणार का?"

वाफ तिथेच गळली. काकांनी जीभ चावली. रिंग एक नंबर मोठी बसवली होती. ती बदलून त्यांनी पुन्हा कुकर चढवला. तोवर भांडायला आलेला ड्रायव्हर आणि त्याच्यामागे निम्मी जीप कुकरकडे टक लावून उभी! शिट्टी झाली तशा टाळ्या पडल्या. मावशी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

मग माझा नंबर आला. मला केव्हाचा उशीर झालेला.

"काका, मी इथलीच. तसाच द्या."

सुरू झालेल्या जीपमधून ड्रायव्हर ओरडला, "ओ ताई, शिट्टी होऊ द्या!"

आजही मी गॅसपाशी उभी आहे. होऊ देतेय.