बाथरूमचं पाणी आणि माझी सही

आमच्या बाथरूमचं पाणी जाळीकडे जात नाही, दिवाणखान्यात येतं. सहा वर्षं येतंय. आणि सहा वर्षं मी प्रत्येक पाहुण्याला सांगत आलो, "हिला मुहूर्ताची घाई! घर नीट बघूच दिलं नाही."

हे धादांत खोटं आहे. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते लेखी मागे घेतो.

मी पाटणचा निवृत्त मुख्याध्यापक. लेकीजवळ राहावं म्हणून सांगलीत, माधवनगरच्या रस्त्याला, नव्या इमारतीत फ्लॅट घेतला. ताब्याच्या दिवशी माझी बायको सुलभा चक्क बादली घेऊन निघाली.

"ही कशाला?"

"बाथरूममध्ये पाणी ओतून बघणार. जाळीकडे गेलं तर सही करायची, नाहीतर नाही."

"अगं, समारंभ आहे तिथे! मुख्याध्यापकांची बायको बादली घेऊन आली म्हणतील!"

मी ती बादली रिक्षातच ठेवायला लावली. (रिक्षावाला ती घेऊन गेला. त्या दिवशी फायद्यात राहिलेला तो एकटाच!)

इमारतीखाली मांडव होता. बिल्डरने मला पाहताच हात जोडले. "गुरुजी, सगळ्यांच्या चाव्या तुमच्याच हस्ते द्यायच्या!" अंगावर शाल आली, हातात नारळ आला, डोक्याला फेटा बांधला गेला. आपल्याकडे फेटा एकदा आवळला की आतलं डोकं बंद पडतं! मी माईक धरला आणि अर्धा तास बोललो. इमारतीची एक पायरीही चढलो नव्हतो, तरी ठणकावून म्हणालो, "असं बांधकाम मी जन्मात पाहिलं नाही!" (हे मात्र पुढे खरं ठरलं.)

मग समोर कागद आला. 'मी घर पाहिले असून माझी कोणतीही तक्रार नाही.'

सुलभाने शाल ओढली. "अहो, आधी वर जाऊन तर येऊ."

मी माईकवरूनच म्हणालो, "बायकांना जरा दम नसतो!" मांडव हसला. मी झोकात सही केली. ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

पहिल्याच अंघोळीचं पाणी दाराखालून बाहेर आलं आणि सोफ्याखाली जाऊन बसलं. जतचा एक गवंडी बोलावला. तो कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला.

"आवं गुरुजी, ढाळ उलटा हाय. आमच्याकडं टँकरची वाट बघून डोळं जात्यात, आन् तुमच्यात पाणी आपल्या पायानं बैठकीत येतंय! लय नशीबवान तुमी."

मी तरातरा बिल्डरच्या ऑफिसात गेलो. टेबलावर मूठ आपटली. "ही शुद्ध लबाडी आहे!"

"तक्रार कसली, गुरुजी? तुम्हीच लिहून दिलंय. आणि तुमच्या भाषणाचा व्हिडिओ तर आम्ही नव्या गिऱ्हाइकांना दाखवतो! चहा घ्या."

त्या माणसाचा मला संताप येतो. पण त्याहून जास्त संताप याचा येतो, की मी तो चहा प्यायलो!

तरी नावं मात्र सुलभाला. ती दुखऱ्या गुडघ्यांनी रोज फरशी पुसायची आणि मी सोफ्यावर पाय वर घेऊन तिच्या घाईची गोष्ट सांगायचो.

गेल्या आठवड्यात तिचा भाऊ दिनकर साताऱ्याहून आला. ओले मोजे पिळत म्हणाला, "दाजी, मी बी साताऱ्यात फ्लॅट घेतोय. बघाय तुमी या. ताईला नगं, ती लय घाई करती."

सुलभाने हातातलं फडकं थांबवलं. माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि पुन्हा पुसायला लागली. मी म्हणालो, "येतो की." शरम नावाची गोष्ट माझ्यात त्या बांधकामातल्या सिमेंटएवढीच असावी!

त्या नजरेनंतर मला घास गोड लागेना. म्हणून हे लिहिलं. दिनकरा, तुझ्या ताईलाच ने. ती नळ सोडून बघेल, खिडक्या लावून बघेल, आणि मगच तुला सही करू देईल. मला मात्र साताऱ्याच्या हद्दीतसुद्धा घेऊ नकोस.

हा कागद आधी सुलभाला दाखवला. तिने चष्मा लावला, शांतपणे वाचला आणि चार चुका काढल्या. शुद्धलेखनाची एकही नव्हती, चारही माझ्याच सोयीच्या होत्या!